विकत घेतलेल्या खेळाचा मालक कोण?

३१ मार्च ही तारीख आपल्याकडे हिशेब मिटवण्याची. कचेऱ्यांतून आणि बँकांतून रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, खतावण्या जुळवल्या जातात आणि जुने वर्ष बंद होते. २०२४ साली याच तारखेला यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनेही आपले एक खाते बंद केले. ‘द क्रू’ नावाचा मोटारींच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम तिने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला होता. अमेरिकेचा अवघा भूभाग त्यात लहान करून मांडला होता. न्यूयॉर्कहून निघालेली मोटार डोंगर, शेते आणि वाळवंट ओलांडीत लॉस एंजेलिसपर्यंत नेता येत असे. लोकांनी तो रीतसर किंमत मोजून घेतला. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली आणि साडेतीन महिन्यांनी तो ज्यांच्यावर चालत असे ते सर्व्हरही बंद केले. त्या दिवशी हा खेळ सर्वांसाठीच बंद पडला. अगदी शेवटी खरेदी केलेल्यांना परताव्यासाठी अर्ज करण्याची मुभा होती. नऊ वर्षांत ज्यांनी तो घेतला त्या बाकीच्यांना काहीच नाही. ज्याच्या कपाटात त्याची तबकडी डबीसह जपून ठेवलेली आहे, त्याच्याकडे त्या दिवशी एक चकचकीत वर्तुळ उरले इतकेच.

या घटनेची दखल मराठी दैनिकाच्या वाचकाने का घ्यावी, असा प्रश्न कोणी विचारील. मुलांचा वेळ खाणारा एक खेळ बंद पडला तर बरेच झाले, असेही अनेक पालकांना आणि शिक्षकांना वाटेल. त्यांच्या चिडीला कारण आहे, आणि ते कारण पुढे येईलच. परंतु प्रश्न खेळाच्या गुणदोषांचा नाही. दुकानात पैसे देऊन घेतलेली वस्तू विक्रेत्याने नऊ वर्षांनी, खरेदीदाराच्या घरात पाऊल न टाकता, निरुपयोगी करून टाकली. आणि तसे करण्याचा आपल्याला अधिकार आहे असे तो म्हणतो. वस्तू वाईट असती तरी प्रश्न तोच राहिला असता.

कंपनीचे म्हणणे काय, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात दोन खेळाडूंनी तिच्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये दावा लावला. त्याला उत्तर देताना कंपनीने सांगितले की, ग्राहकांनी खेळाची मालकी घेतलीच नव्हती. त्यांनी घेतला होता तो खेळण्याचा मर्यादित परवाना, आणि ही गोष्ट वेष्टनावर व करारात नमूद होती. हे शब्दशः खरे असेल. खेळ सुरू करण्यापूर्वी पडद्यावर लांबलचक करार सरकत जातो, त्याच्या तळाशी ‘मान्य आहे’ अशी चौकट असते, आणि ती दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तोपर्यंत पैसे देऊन झालेले असतात. तो करार वाचून काढणारा माणूस शोधायचा झाल्यास कंपनीच्या वकिलाकडेच जावे लागेल. दुकानाच्या पाटीवर मात्र इतकी वर्षे ‘विकत घ्या’ असेच लिहिलेले होते. ‘काही काळ वापरा’ असे लिहिण्याचे धैर्य कोणी दाखवले नव्हते. याच कंपनीच्या वर्गणी विभागाच्या एका अधिकाऱ्याने जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे ‘द क्रू’ बंद होण्याच्या थोडे आधी, असे सुचवले होते की, खेळ आपल्या मालकीचे नसण्याची सवय आता ग्राहकांना व्हायला हवी. सवय लावण्याचे काम पुढे इतक्या तत्परतेने झाले की, त्या विधानात ढोंग होते असे कोणाला म्हणता येणार नाही.

मुंबईच्या चाळीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या वाचकाला यातली मेख लगेच उमगेल. पागडीच्या खोलीतला भाडेकरू काही मालक नसतो. तो एक मोठी रक्कम मोजून आत येतो, पुढे दरमहा थोडे भाडे भरतो, आणि जागा कागदोपत्री घरमालकाचीच राहते. तथापि १९४७ च्या मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्याने आणि पुढे १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने त्याला एक संरक्षण दिले. घरमालकाच्या मनात आले म्हणून त्याला बाहेर काढता येत नाही. न्यायालयात जावे लागते, कारण दाखवावे लागते आणि ते कारण कायद्यात बसावे लागते. या कायद्यांनी काही वेगळे अनर्थ घडवले हे खरे, पण तो निराळा विषय. व्हिडिओ गेमच्या धंद्याने पागडी घेण्याची रीत तेवढी उचलली आणि भाडेकरूचे हक्क वगळले. एकरकमी किंमत मालकाला शोभेल अशी घ्यायची आणि ग्राहकाला दर्जा द्यायचा तो धर्मशाळेतल्या उतारूचा, असा हा व्यवहार आहे.

तो नेहमीच असा नव्हता. नव्वदच्या दशकात आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांतून टीव्हीला जोडायची खेळयंत्रे आली. त्यांच्या खाचेत बसवायच्या ठोकळ्याला सगळे ‘कॅसेट’ म्हणत. एका कॅसेटमध्ये हजारो खेळ असल्याचे तिच्यावर छापलेले असे आणि प्रत्यक्षात दहा-बारा खेळ उलटसुलट फिरवलेले असत. त्यांतल्या बहुतेक कॅसेटी नकली होत्या, हेही लपवण्यात अर्थ नाही. पण घरात आलेली कॅसेट घराची होती. ती शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलाशी अदलाबदलीत देता येई, बहिणीच्या घरी पाठवता येई, दुरुस्तीवाल्याकडे जुन्या भावात विकता येई. यंत्राने ती वाचली नाही तर मुले तिच्यात फुंकर मारीत आणि पुन्हा बसवीत. हाँगकाँगचा किंवा जपानचा कारखाना बंद पडला म्हणून ती कॅसेट बंद पडत नसे. आप्पा बळवंत चौकात जुनी क्रमिक पुस्तके विकून पुढच्या इयत्तेची घेणाऱ्या विद्यार्थ्याला मालकी म्हणजे काय, हे याच रीतीने ठाऊक झालेले असते.

विक्रेत्याच्या आणि विकलेल्या वस्तूच्या मध्ये आता एक तार कायमची राहिली आहे. या धंद्याविषयीच्या बहुतेक तक्रारी पाहता पाहता या तारेपाशी येऊन पोहोचतात. अपुरा, चुकांनी भरलेला खेळ पूर्ण किमतीला विकला जातो, ही त्यांतली सर्वांत जुनी. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ अनेक वर्षे गाजावाजा होऊन १० डिसेंबर २०२० रोजी आला. त्या वेळी बहुसंख्य घरांत असलेल्या जुन्या यंत्रांवर तो धड चालेना. मध्येच बंद पडे, माणसे हवेत तरंगत. आठवड्याभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले; तो पुन्हा विक्रीला आला तो जून २०२१ मध्ये. कंपनीने नंतर कष्ट घेऊन तो दुरुस्त केला, आणि आज तो चांगल्या खेळांत गणला जातो, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. पण दुरुस्ती नंतर तारेवरून धाडता येईल ही खात्री नसती, तर त्या अवस्थेत तो डिसेंबरच्या बाजारात आणण्याची छाती कोणाला झाली नसती. शिंप्याने एक बाही लावून सदरा द्यावा आणि दुसरी टपालाने येईल म्हणून सांगावे, त्यातला हा प्रकार.

घाईने वाईट माल पूर्वीही विकला गेला आहे. अमेरिकेतील अटारी कंपनीने १९८२ च्या नाताळासाठी ‘ई.टी.’ या चित्रपटावरचा खेळ जेमतेम पाच आठवड्यांत करवून घेतला. तो इतका फसला की न खपलेला माल पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाबाहेर खड्ड्यात पुरावा लागला. २०१४ मध्ये तो खड्डा उकरला तेव्हा कॅसेटी सापडल्याही. त्या चुकीची किंमत मुख्यतः कंपनीने मोजली, कारण दुरुस्ती पाठवण्याची सोय नव्हती आणि खरेदीदाराने पाठ फिरवली. दैवदुर्विलास असा की, ज्यांच्या घरी त्या खेळाची धड कॅसेट आणि चालू यंत्र आहे, त्यांना चाळीस वर्षांनंतरही तो खेळता येतो. १९८२ चा टाकाऊ खेळ जिवंत आहे. २०१४ चा बरा खेळ कंपनीने बंद केला.

पालकांच्या संतापाचे कारणही याच तारेवरून घरात येते. आपल्याकडची मुले बहुतांशी मोबाइलवर खेळतात आणि तो खेळ फुकट असतो. विकला जातो तो आतला माल: पात्राचे पोशाख, बंदुकीचा रंग, आणि आत काय निघेल ते न सांगता विकायची बंद पेटी. जत्रेत चिठ्ठी उचलायला लावणाऱ्याचाच हा धंदा. फरक एवढाच की जत्रा वर्षातून एकदा भरते. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगारविषयक आयोगाने काही नामांकित खेळांतल्या अशा पेट्या बेकायदा जुगार ठरवल्या. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एपिक गेम्स या कंपनीला एकूण ५२ कोटी डॉलर भरायला लावले, त्यांतले २४.५ कोटी हे नकळत बटण दाबून खरेदी झालेल्या ग्राहकांना परतावा म्हणून आणि बाकीचे मुलांच्या खासगी माहितीचा नियम मोडल्याबद्दल. वडिलांच्या फोनवरून पैसे कसे गेले हे सांगता न येणारा मुलगा दर वेळी खोटेच बोलत असतो असे नाही, एवढे यावरून शिक्षकांनी आणि पालकांनी ध्यानात घ्यायला हरकत नाही.

आता धंद्याची बाजू. ‘द क्रू’ बंद पडल्यानंतर ‘खेळ मारू नका’ अशा आशयाची एक मोहीम सुरू झाली. तिने युरोपीय संघात नागरिकांच्या पुढाकाराचा अर्ज दाखल केला आणि जुलै २०२५ मध्ये त्यावरील सह्यांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला. उद्योगाच्या युरोपातील संघटनेने तिला उत्तर दिले. सर्व्हर चालवणे खर्चाचे असते. खेळाडू घटल्यावर तो खर्च परवडत नाही. खेळ त्रयस्थांच्या हाती दिला तर खेळाडूंच्या माहितीची सुरक्षा आणि बेकायदा मजकुरावरचा अंकुश राहत नाही. आणि कित्येक खेळ मुळातच जाळ्यावर चालण्यासाठी रचलेले असतात. यातला पहिला मुद्दा कोणालाही पटण्यासारखा आहे. तोट्यातली एसटीची फेरीसुद्धा केव्हातरी बंद होते. परंतु सर्व्हर अनंतकाळ चालवा अशी मागणी कोणी केलेलीच नाही. बंद करताना खेळ चालण्याजोग्या स्थितीत ग्राहकाच्या हाती ठेवून जा, एवढेच मागणे आहे. एसटीने फेरी बंद केली म्हणून गावाचा रस्ता उखडून नेला, असे कधी ऐकिवात नाही.

हे अशक्य नाही याचा पुरावा धंद्यातच सापडतो. ‘डूम’ हा डिसेंबर १९९३ चा खेळ. त्याच्या कर्त्यांनी चार वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याची मूळ संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली केली. त्यानंतर जगभरच्या हौशी मंडळींनी तो नव्या नव्या यंत्रांवर चालता ठेवला. कर्त्यांना त्यासाठी एकही सर्व्हर चालवावा लागला नाही. खुद्द यूबीसॉफ्टने गदारोळानंतर, सप्टेंबर २०२४ मध्ये, ‘द क्रू’च्या पुढच्या दोन खेळांना जाळ्याशिवाय चालण्याची सोय देण्याचे जाहीर केले. जी गोष्ट मार्चमध्ये विचारातही नव्हती ती सप्टेंबरमध्ये शक्य झाली. मधल्या काळात संगणकशास्त्रात क्रांती झाली होती असे दिसत नाही. सोनीचे उदाहरण आणखी बोलके आहे. तिचा ‘कॉनकॉर्ड’ हा खेळ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला, कोणी फिरकेना म्हणून ६ सप्टेंबरला बंद झाला, आणि कंपनीने ग्राहकांचे पैसे परत केले. म्हणजे खेळ काढून घेतला तर पैसे द्यावे लागतात, हे तत्त्व या धंद्याला ठाऊक आहे. ग्राहक थोडे असले की ते आठवते.

मोहिमेच्या बाजूने पडलेले कायद्याचे पहिले पाऊल मात्र फार लहान आहे. कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२५ पासून अशा वस्तूंच्या विक्रेत्याला ‘विकत घ्या’ हे शब्द वापरायचे असतील, तर मिळतो तो केवळ परवाना, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. खरे बोलण्याची सक्ती झाली हे बरेच झाले. पण परवाना केव्हा आणि कशासाठी रद्द करता येईल, याला त्या कायद्याने हात लावलेला नाही. पागडीवाल्या घरमालकाने दारावर ‘केव्हाही बाहेर काढू’ अशी पाटी लावली की भाडेकरूचे भले होते, असे मानण्यासारखेच हे आहे.

यात ग्राहकाच्या पैशाखेरीज आणखीही काही बुडते. अमेरिकेतील व्हिडिओ गेम इतिहास प्रतिष्ठानने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे दिसले की, २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठेही विकत मिळत नाहीत. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आकड्याचा अर्थ सांगायला नको. ते १९६४ मध्ये स्थापन झाले तोपर्यंत भारतीय मूकपटांपैकी बहुतेक नाहीसे झाले होते. फिती जळाल्या, कुजल्या, चांदीसाठी वितळवल्या गेल्या. तमाशा-सिनेमाच्या नादातल्या या चिजा जपून काय करायच्या, असे त्या काळी प्रतिष्ठितांना वाटत होते, जसे आज व्हिडिओ गेमविषयी वाटते. तिथे निदान निष्काळजीपणा होता. इथे वस्तू चालती असताना, तिला जपायला लोक उत्सुक असताना, ती ठरवून बंद केली जाते.

आणि ही रीत खेळांपाशीच थांबेल असे समजणे भोळेपणाचे होईल. ॲमेझॉनने जुलै २००९ मध्ये जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके, त्यांत ‘नाइन्टीन एटी-फोर’ही होते, वाचकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते. पैसे परत झाले आणि कंपनीप्रमुखाने माफीही मागितली. पण पुस्तक वाचकाच्या हातातून दुरून काढून घेता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. शाळा-महाविद्यालयांची ग्रंथालये आज जी नियतकालिके आणि जे ग्रंथ वर्गणी भरून पडद्यावर वाचायला देतात, त्यांतले वर्गणी थांबल्यावर आपल्या हाती काय उरणार, हा प्रश्न ग्रंथपालांनी करारावर सही करण्यापूर्वी विचारलेला बरा.

भारतात या विषयाकडे अजून खेळ म्हणूनच पाहिले जाते, किंवा जुगार म्हणून. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. घरे बुडवणाऱ्या पैजांना आवर घालणे आवश्यकच होते. परंतु विकलेला खेळ विक्रेत्याने परत काढून घेतला तर काय, हा त्या कायद्याचा विषय नाही. त्याचा विचार व्हायचा तो ग्राहक म्हणून, आणि तिथे आपला कायदा वाटतो तितका दुबळा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे, आणि एका पक्षाला वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा हक्क देणारे कलम तिच्यात बसते. ग्राहकाला फसवून खरेदीकडे ढकलणाऱ्या पडद्यावरच्या तेरा क्लृप्त्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नावानिशी नोंदवल्या आहेत. मालकीचा आव आणून परवाना खपवणे ही चौदावी म्हणून त्या यादीत घालायला नवा कायदा लागत नाही. खेळ किमान किती वर्षे चालेल हे विक्रीच्या वेळी डबीवर आणि पडद्यावर छापायला लावणेही याच प्राधिकरणाच्या विचारकक्षेत येऊ शकेल. औषधाच्या पाकिटावर मुदत छापली जातेच.

अडचण आहे ती दाराशी पोहोचण्याची. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही. ती राज्य आयोगाकडे किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच न्यावी लागते. नवा खेळ चार-पाच हजार रुपयांना मिळतो. लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या विद्यार्थ्याने शिकवण्या करून साठवलेले ते पैसे असतील. त्या रकमेसाठी तो वकील पाहील, राज्य आयोगाकडे धाव घेईल आणि फ्रान्समधल्या कंपनीला नोटीस पाठवील, हे संभवत नाही. आणि कंपन्यांचे करार लिहिणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. कायद्यात यावर दोन वाटा आहेत. सारखीच तक्रार असलेल्या अनेकांना परवानगी घेऊन एकत्र येता येते, आणि ग्राहकांच्या एका वर्गाचे हित धोक्यात आले असता केंद्रीय प्राधिकरणाला कोणाच्या तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून चौकशी हाती घेता येते. जिल्हा आयोगाला या तक्रारी ऐकण्याचा अधिकार देणारी दुरुस्ती संसदेला करता येईल ती निराळीच. राज्यातल्या ग्राहक संघटनांनी वजनमापांपासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत अनेक प्रश्नांवर सह्या गोळा केल्या आहेत. या प्रश्नावर सही करायला तयार असलेली मुले त्यांना कोणत्याही महाविद्यालयाच्या फाटकापाशी भेटतील.